कुंडी जरा धर

नेझा कुंडीवर वाकली, डोळे मिटले आणि त्या गोल, हिरव्यागार झुडपात नाक खुपसणार... तेवढ्यात नाकाच्या आणि पानांच्या मध्ये कुणाचा तरी तळहात आला.

"अं हं! थेट नाही हुंगायचं."

तिने डोळे उघडले. तळहातामागे उन्हाने रापलेला एक हसरा चेहरा होता आणि त्याच्या पाठीवर तिच्या सॅकइतकीच फुगलेली सॅक.

"का? चावतं?"

"सुकतं. मांजेरिकूला नाक लागलं की ते मान टाकतं. सगळ्या पोर्तुगालला माहीत आहे." त्याने पानांवरून हलकेच हात फिरवला आणि तो तिच्यापुढे धरला. "हं, आता घे वास."

"तुझ्या हाताचा?"

"तशी रीतच आहे."

भर बाजारात परक्या माणसाचा तळहात हुंगायची नेझाला काही सवय नव्हती. पण एवढ्या लांब, लुब्लियानाहून लिस्बनला एकटी आलेली मुलगी असल्या गोष्टीला थोडीच बिचकते! ती वाकली. तुळशीसारखा, पण जरा लिंबाकडे झुकणारा वास. तो तिने गरजेपेक्षा अंमळ जास्तच वेळ घेतला.

"स्वतःचा हात फिरवूनही वास येतो गं पोरी," कुंड्यांमागे बसलेली दोना ग्रासा म्हणाली. "हा आगाऊ माझ्या दुकानात आपलाच माल खपवतोय!"

त्याचे कान लाल झाले. नेझाला ते फार आवडलं.

त्याचं नाव दुआर्त. समुद्रात दूरवर असलेल्या तेर्सेइरा बेटावर त्याच्या गायी होत्या. त्या भावावर सोपवून तोही एकटाच फिरायला निघाला होता, आणि योगायोग असा की उतरला होता तिच्याच हॉस्टेलात.

"चल, शहर दाखवतो तुला," तो ऐटीत म्हणाला. "आमचीच राजधानी आहे!"

"पूर्वी आलायस?"

"तसा... टीव्हीवर पाहिलंय बरंचसं."

पुढचे काही दिवस आल्फामा या जुन्या वस्तीतल्या चढणीवरच्या गल्ल्यांत दोघं पोटभर भटकली आणि मनसोक्त चुकली. "इथून सरळ नदी!" असं दुआर्तने छातीठोकपणे सांगावं आणि दोघांनी पुन्हा त्याच निळ्या फरशांच्या भिंतीपाशी यावं. वर दोऱ्यांवर चादरी फडफडायच्या, दारादारांत सार्डिन मासे भाजले जायचे, आणि त्या धुरात डोळे चोळत ती त्याला चिडवायची, "तुझ्या गायी संध्याकाळी घरी येतात तरी कशा रे?"

"त्या माझ्या भरवशावर नसतात!"

गंमत अशी, की नेझाला चुकायची भीती नव्हती आणि पोचायची घाई तर मुळीच नव्हती. तिला एवढं हलकं कधी वाटलंच नव्हतं. तिचा पूर्वीचा प्रियकर मातेय प्रत्येक सहलीच्या आधी तोंड पाडून विचारायचा, "जायलाच हवं का?" आणि ती बिचारी भरलेली सॅक रिकामी करायची. या वेळी तिने सॅक भरलेलीच ठेवली आणि मातेयला सोडलं. निघताना स्वतःला बजावलं होतं: कुणासाठीही बस सोडायची नाही. आणि पुढच्या मुक्कामाची, सेव्हियाची बस तर आता उद्याच होती.

संत अंतोनियूच्या सणाची संध्याकाळ. ऊन अजून उतरलं नव्हतं, पण गल्लीभर कागदी माळा झुलत होत्या आणि माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. हॉस्टेलच्या खिडकीत ठेवायला म्हणून नेझाने दोना ग्रासाकडून मांजेरिकूची कुंडी घेतली, वर कागदाचं लाल फूल खोचलेली. दोन पावलं टाकली तोच बुटाची नाडी सुटली.

"कुंडी जरा धर," म्हणत तिने ती दुआर्तच्या हातात दिली आणि एका गुडघ्यावर बसली.

अख्खी गल्ली ओरडली! खिडक्यांतल्या बायका टाळ्या पिटू लागल्या, कुणीतरी पातेलं बडवलं.

"काय झालं?" नेझा गोंधळली.

"काही नाही... तुझे बूट आवडले लोकांना."

दोना ग्रासाने हसून हसून पाणावलेले डोळे पदराने — म्हणजे तिच्या एप्रनच्या टोकाने — पुसले. "अगं वेडे! या सणाला पोरगा आपल्या पोरीला कुंडी देतो. ती तिने जपायची. तू उलटंच केलंस, तेही गुडघ्यावर बसून! आणि या लबाडाने घेतली की निमूटपणे!"

गर्दीतून बाहेर पडून दोघं चर्चच्या पायऱ्यांवर टेकली. कुंडी मध्ये.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर परत घेतली असतीस." तो नदीकडे बघत राहिला. "आणि मला ती... हवी होती."

नेझाने कुंडीतलं कागदी फूल नीट खोचलं. "उद्या माझी बस आहे, दुआर्त."

"माहीत आहे."

ती थांबली. आता तोच प्रश्न येणार. जायलाच हवं का? आणि भीती वाटत होती ती प्रश्नाची नाही. याने विचारलं तर आपण नाही म्हणू शकणार नाही, याची.

"उजवीकडची खिडकी घे," दुआर्त म्हणाला. "सकाळचं ऊन डावीकडून येईल. भाजून निघशील."

"एवढंच?"

"गल्ल्या कळत नाहीत मला. ऊन कळतं."

"थांब म्हणणार नाहीस?"

"जिभेवर आहे कधीचं." आता त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू मला फार आवडतेस, नेझा. पण बसमधून ओढून उतरवलेली तू नको."

ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, आणि तिच्या मनात जे ठरायचं ते ठरलं.

सकाळी बस स्टँडवर तो कुंडी घेऊन आला, एखादं तान्हं मूल आणावं तशी छातीशी धरून.

"तुझी आहे ही. काल तुला ठाऊक नव्हतं. परत घे."

नेझाने कुंडी घेतली. मग एक पाय पुढे केला, मग दुसरा. "नीट बघ. दोन्ही नाड्या बांधलेल्या आहेत ना?"

"आहेत. पण..."

पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन ती सगळ्या प्रवाशांदेखत एका गुडघ्यावर बसली आणि कुंडी वर धरली. "आता मला सगळं ठाऊक आहे. धर."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

"ऑगस्टमध्ये माझी भटकंती संपते. शेवटचा मुक्काम ठरायचा होता, तो काल ठरला. तेर्सेइरा. गायी दाखवशील?"

"दाखवीन," तो कसाबसा म्हणाला आणि कुंडी घेतली. "वाटही दाखवीन."

"नको, वाट गायींना विचारू! आणि ऐक, तोवर नाक लावायचं नाही हिला." ती उठायला गेली, पण सॅक उठू देईना. "आता हात दे की रे, शहाण्या!"

त्याने हात दिला, आणि ती उठली ती सरळ त्याच्या मिठीत. निघता निघता तिने पानांवरून तळवा फिरवला आणि पळत जाऊन बस पकडली.

पूल ओलांडेपर्यंत तिची मूठ मिटलेली होती. मग तिने ती हळूच उघडली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. ती उजवीकडच्या खिडकीशी बसली होती. ऊन डावीकडूनच येत होतं.