चौथं कडवं

दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात अक्षया राहत होती त्या जागेला खोली म्हणायचं ते केवळ घरमालकाचं मन राखायला. प्लायवूडचं पार्टिशन, एक टेबल आणि खिडकीच्या जागी एक्झॉस्ट फॅन. वाशिमजवळच्या गावातून ती इथे कलेक्टर व्हायला आली होती, यूपीएससीत दोनदा पडली होती, आणि आता हा शेवटचा प्रयत्न, असं वडिलांनी बजावलं होतं. वाचलेलं पान डोक्यात राहत नव्हतं. झोप उडाली होती. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा, "अक्षू, जेवली का वं?" तेवढ्यावर दुसरा दिवस कसाबसा ढकलला जायचा.

प्रभाकाकूंची ओळख कस्तुरबा गांधी मार्गावर झाली. तिथल्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात घरच्यासारखं जेवण मिळतं म्हणून रविवारी मुलं जातात. अक्षया हात धुता धुता गुणगुणत होती. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "अच्छा, गातेस का? मग गुरुवारी घरी ये. आमच्याकडे भजन असतं."

घर गाझियाबादला, वैशालीत, मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाजवळ. काका, म्हणजे नरसिंहराव, सरकारी नोकरीतून निवृत्त. मुलगा अंकुर नोएडात नोकरीला, मराठी बोलता बोलता मधेच हिंदीत घसरणारा. सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंजी घालायची, कुकरची शिट्टी झाली की गॅस बंद करून काकूंनी टाळ हातात घ्यायचे. शेवटी घरचं भजन. ते काकांच्या आजोबांनी रचलेलं, घराबाहेर कुणी गात नाही. त्याची रीत अशी, की एकेक कडवं घरातल्या एकेकाचं. पहिलं काकांनी गायलं, दुसरं काकूंनी, तिसरं अंकुरने. चौथ्याची पाळी आली तेव्हा कुणीच गायलं नाही. टाळ मात्र चालू राहिले.

अक्षयाच्या गावात भजन म्हणणारा अडखळला की शेजारच्याने उचलायचं, गाणं मधेच टाकायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. तिने उचललं. चौथं कडवं तिने शेवटपर्यंत गायलं. काकूंचे टाळ एकदा चुकले, पुन्हा लागले. जेवताना काकूंनी न विचारता तिच्या पानात आणखी भात वाढला, आणि अंकुर आपल्या ताटाकडे बघत बसला.

परतीच्या मेट्रोत, यमुनेवरचा पूल ओलांडताना तिच्या मनात आलं, की हे भजन आपण आज जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग चौथ्या कडव्याचे शब्द आपल्याला आले कुठून?

खोलीवर पोचल्या पोचल्या तिला गाढ झोप लागली. सकाळी वाचलेलं पान संध्याकाळी जसंच्या तसं आठवलं. असल्या सुखाची चौकशी कोण करत बसतं? पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. टेस्टमधले मार्क चढले. गाण्याने मन ताळ्यावर येतं, असं तिने शेजारच्या पार्टिशनमधल्या निधीला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

मग एकदा फोनवर आई म्हणाली, "बाबा वावरात गेले, तूर सोंगाले."

"वावर म्हणजे?" अक्षयाने विचारलं.

आई आधी हसली. मग हसायची थांबली. "मजाक करतं का वं माही?"

अक्षया मजाक करत नव्हती. शेतासाठी घरात रोज वापरला जाणारा तो शब्द तिला खरंच माहीत नव्हता.

त्यानंतर आईचे फोन विरळ झाले. आले तरी आई जपून बोलायची, पाहुण्यांशी बोलावं तशी. इकडे एका गुरुवारी पोळ्या लाटताना काकू सहज म्हणाल्या, "लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा हिंदूराव हॉस्पिटलला ॲडमिट होतीस ना, तेव्हापासून तुझं पोट असं नाजूक."

"काकू, मी लहानपणी दिल्लीत नव्हते."

"चलो, नव्हतीस तर नव्हतीस." हट्टी पोरीची समजूत काढावी तसा काकूंचा सूर होता. पण अक्षयाला दवाखान्याचा हिरवा पडदा आठवला, खिडकीबाहेरची माकडं आठवली, आणि स्टीलच्या वाटीतल्या पातळ खिचडीची चवसुद्धा.

ती घाबरली. पुढचा गुरुवार तिने चुकवला. त्याच संध्याकाळी फोन वाजला. "अक्षू! कुठं होती वं इतके दिवस?" आई रडत होती. अक्षयाही पोटभर रडली. आणि दुसऱ्या दिवशी सगळं जुनं परत आलं. वाचलेलं पान पुसून गेलं, टेस्टचा पेपर अर्धा कोरा राहिला.

मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, तोंडावर आली होती. राजेंद्रनगरात कशालाही एकच उत्तर असतं. दाढ दुखतेय? मेन्सनंतर. बहिणीचं लग्न? मेन्सनंतर. अक्षयानेही तेच ठरवलं. एवढी मेन्स होऊ दे, मग गाणं सोडू, मग आईला सगळं भरून देऊ. गुरुवारी ती वैशालीला गेली.

अंकुर दारातच उभा होता. "आत नको येऊस, यार," तो हळू आवाजात म्हणाला. "मीपण इथे तुझ्यासारखा पाहुणाच होतो बहुतेक. कुठून आलो होतो, ते बिल्कुल आठवत नाही."

आतून काकूंची हाक आली, "आलात का रे दोघं?"

अक्षया आत गेली. गायली.

मेन्स चांगली गेली. मग मुलाखत होती, म्हणून गाणं सुटलं नाही. मग निकाल बाकी होता.

निकाल दुपारी लागला. वैशालीच्या घरात पेढ्यांचा पुडा फुटला होता, काका कुणालातरी फोनवर सांगत होते, "हो, आमच्या अक्षयाचा!" तिने बाल्कनीत येऊन आईचा नंबर लावला.

"आई, झालं गं! पास झाले मी!"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "कोन बोलते?"

"मी. अक्षया."

"राँग नंबर लागला बाई तुमचा." आवाज तोच होता, अगदी तोच. "पन पास झाल्या म्हनता, लय चांगलं झालं. आमाले तं लेकरूच नाही."

अक्षयाच्या तोंडून नुसता हुंदका गेला.

"रडू नका," ती बाई मायेने म्हणाली. "आपल्या आईले सांगा पयले. वाट पाहून राह्यली असन बिचारी."