तासगावची बाटली

सांगलीला नाथाजींच्या जुन्या पार्टच्या दुकानात गाडीच्या एसीच्या एकाच कंप्रेसरवर दोन हात पडले. एक क्रांतीचा, नखांत ग्रीस अडकलेला. दुसरा गोरटेला, स्वच्छ, आणि... जरासा आधी पडलेला.

"मी आधी धरलाय," हाताचा मालक म्हणाला.

"धरलाय, पण उलटा. तेल सांडंल शर्टावर."

सांडलंच! पांढऱ्याफेक शर्टावर हिरवट ओघळ आला आणि क्रांतीला हसू आवरेना.

"भांडू नगा," नाथाजी गल्ल्यावरून म्हणाले. "ह्या मॉडेलचा एवढा एकच हाय. पुढचा कवा येईल, सांगता येत न्हाई."

क्रांतीचं हसू तिथंच विरलं. कारण तिला हा कंप्रेसर हवा म्हणजे हवाच होता.

उंब्रजच्या सयाजी सुभेदारांची ही लेक. आबांनी फौजेत आयुष्यभर ट्रक दुरुस्त केले आणि लेकीनं आयटीआय केलं. हायवेलगत आबांची एक शेड कुलपात पडून होती. तिथं गाड्यांच्या एसीचं गॅरेज काढायचं, हा क्रांतीचा ध्यास. पण माहेरी आलेल्या आबांच्या थोरल्या बहिणीनं, राहीआत्तीनं, पतसंस्थेत नोकरी बघून ठेवलेली. खुर्ची, डोक्यावर पंखा, आणखी काय पाहिजे पोरीच्या जातीला! वर्षभर क्रांतीनं डोकं खाल्ल्यावर आबांनी शेवटी अट घातली, अगदी फौजी थाटाची.

"आपल्या गाडीचा एसी दोन वर्सं बंद हाय. रविवारी आक्का रहिमतपूरला परत जाणार. त्याच्या आत आपल्याच अंगणात, तुझ्या हातानं कंप्रेसर बदल. आक्का तिच्या घरापतूर गाडीत पदरानं वारा न घालता बसली, तर शेडची किल्ली तुझी. न्हाईतर सोमवारी पतसंस्था."

आता राहीआत्ती म्हणजे थंडीतसुद्धा पदरानं वारा घालणारी बाई. हे तर चैतातलं ऊन होतं.

क्रांतीनं समोरच्या तरुणाकडं बघितलं. डोळे चांगले होते हो त्याचे, पण ते बघायची ही वेळ नव्हती. "तुमचा कंप्रेसर खरंच गेलाय? बघितलं कुणी?"

"मिस्त्री म्हणाला, गेलाय."

"गाडी कुठाय?"

गाडी दारातच उभी होती. तिनं बॉनेट उघडलं, कान लावला, मग फ्यूजच्या डबीतला एक काळा चौकोनी रिले, कंप्रेसरला वीज सोडणारा खटका, उपसला. जळलेला. शेजारचाच हॉर्नचा रिले काढून तिनं त्या जागी दाबला. टक्! कंप्रेसर फिरायला लागला आणि गाडीतून गार वारं आलं.

तो बघतच राहिला. वाऱ्याकडं नव्हे.

"कंप्रेसर ठणठणीत हाय तुमचा," क्रांती हात पुसत म्हणाली. "नवा रिले टाकेपतूर हॉर्न मात्र वाजणार न्हाई. खिडकीतनं वरडत जावा."

"तासगावपतूर?"

"गळा चांगला दिसतोय की!"

त्याचं नाव ऋषिराज. तासगावला द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. आईला गरमी सोसत नाही म्हणून एसीची घाई. त्यानं तो जुना कंप्रेसर उचलून क्रांतीच्या ओंजळीत ठेवला, या खेपेला सुलटा. तिनं तिथंच आबांची अट सांगून टाकली. का सांगितली, देव जाणे... ओळख तर अर्ध्या तासाची.

"ह्याच्यात घालायचं तेल संपलंय माझ्याकडं," नाथाजी म्हणाले. "उद्या येईल."

"मी उद्या सांगलीला हायच," ऋषिराज पटकन म्हणाला. "रविवारी सकाळी उंब्रजला आणून देतो. बसवताना बघायला तरी मिळंल."

तेल कराडातसुद्धा मिळतं, घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर. क्रांतीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी "या," एवढंच म्हणाली.

रविवारी नऊच्या ठोक्याला गाडी अंगणात. हॉर्न वाजला, एकदा नाही, तीनदा. आत्ती ओसरीवरून पदरानं वारा घेत म्हणाली, "कोण गं हा? वरातीत आल्यागत वाजवतोय!"

"तेल आणलंय, आत्ती."

"तेलाला एवढं नटून येत्यात व्हय?"

क्रांतीचे कान तापले. तिनं जुना जाम कंप्रेसर आदल्या दिवशीच खोलून ठेवला होता. ऋषिराजनं डिकीतून पांढरी बाटली काढून दिली. तिनं तेल मापून सांगलीहून आणलेल्या कंप्रेसरात ओतलं, हातानं तो दहा वेढे फिरवला, आणि थबकली. बोटाला वास होता... ओळखीचा, पण या कामातला नव्हे.

"हे काय आणलंय?"

ऋषिराजनं हुंगलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आयला! हे डिपिंग ऑइल. आमी द्राक्षं ह्याच्यात बुडवून वाळत घालतो. दोन्ही बाटल्या डिकीत होत्या, सारख्याच..." त्यानं घाईनं फोन लावला. "आई! शेडवर उतरवलेली पांढरी बाटली टबात ओतू नगंस! आं? झाकण उघडत होतीस? मग लाव बघू परत!"

"द्राक्षं वाचली तुमची," क्रांती म्हणाली. "आत्ती दुपारी एक वाजता निघणार. माझं वरीस पाण्यात घातलंत तुमी!" खरं सांगायचं तर तिला जास्त राग स्वतःचाच आला होता. कराडला गेली असती गुपचूप, तर? पण नाही, बाईसाहेबांना पाहुणा बोलवायचा होता!

ऋषिराज सबब सांगत बसला नाही. "कराडला जाऊन यायला किती येळ?"

"पाऊण तास."

तो गेलासुद्धा. आला तेव्हा चार बाटल्या छातीशी धरलेल्या. "सगळ्या सीलबंद. दुकानदाराला प्रत्येकीवरचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं."

तोवर तिनं कंप्रेसर उपडा करून निथळत ठेवला होता. नवं तेल घातलं, फिरवलं, ओतून टाकलं. पुन्हा घातलं. तीनदा. चौथ्या वेळी वास नव्हता. मग सुसाट काम. तो पाना देतोय, ती आवळतेय. नवी रबरी वॉशरं बसली, पट्टा चढला. एकदा पान्यासाठी दोन हात एकदम गेले आणि दोघांनीही मागं घेतले... उगीच जरा उशिरा.

आयटीआयच्या सरांकडून आणलेला पंप लावून तिनं पाइपांतली हवा ओढून घेतली, पंप बंद केला आणि घड्याळ बघितलं. "आता अर्धा तास ह्या दाबाच्या मीटरचा काटा हलला न्हाई पायजे. हलला तर हवा शिरतीय, न्हाईतर आत ओल हाय. ओल राहिली की बर्फ धरतो."

"बेदाण्याचंबी तसंच. ओल राहिली की माल काळा पडतो. घाई करून चालत न्हाई." तो तिच्या शेजारी जोत्यावर टेकला. "तुमी घाई करता का... कशात?"

"कामात न्हाई."

"आन् माणसात?"

"काट्याकडं बघा," क्रांती म्हणाली. पण काट्याकडं दोघंही बघत नव्हते. बरं झालं, काटा जागचा हलला नाही.

एक वाजायला दहा मिनिटं असताना गॅस भरला. आबा चालकाच्या जागी, शेजारी क्रांती. मागं आत्ती, आणि तिच्या बाजूला ऋषिराज. साक्षीदार पाहिजे म्हणून आबांनीच बसवलेला. क्रांतीनं बटण दाबलं. टक्.

वाटेतलं मसूर गाव ओलांडलं. आत्तीचा हात पदराकडं गेला... आत्तीनं पदर धरला, सोडवला, आणि डोक्यावरून ओढून दोन्ही कान झाकले.

"सयाजी, ते गार वारं कमी कर रं बाबा! दात वाजाय लागलं माझं!"

"जिंकलो!" ओरडला कोण? तर मागच्या सीटवरचा साक्षीदार! आबांनी आरशातून त्याला एकदा नीट न्याहाळलं, मिशीत हसले, आणि खिशातली शेडची किल्ली लेकीच्या मांडीवर टाकली. क्रांती हसत होती आणि डोळे वाहत होते. वाहू देत! कमावलेले अश्रू होते.

रहिमतपूरला आत्तीच्या दारात आबा पिशव्या उतरवत होते, तेव्हा ऋषिराज गाडीला टेकून म्हणाला, "गॅरेजचं पहिलं गिऱ्हाईक मी."

"तुमच्या गाडीला काय झालंय?"

"गाडीला काय न्हाई." त्यानं शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं. तो जळलेला रिले. "हा टाकून द्यायला हात हुईना मला. शुक्रवारपासनं खिशात हाय. तुमी... लय आवडता मला, क्रांती."

क्रांतीनं त्याच्या तळहातावरचा तो काळा तुकडा बघितला. मग ग्रीसनं माखलेल्या बोटांनी त्याची मूठ मिटवली आणि ती तशीच धरून ठेवली.

"मलाबी," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी आईला घेऊन या. आबांशी बोलायला."

"येतो! येताना काय आणू?"

"कायबी आणा," क्रांती किल्ली नाचवत म्हणाली, "पण हुंगून आणा."