तेरावं माप

आईच्या गळ्यात सोन्याची साखळी असो नसो, टेप असायचीच. ती शिंपीण होती आणि टेपखेरीज कुणावर तिचा विश्वास नव्हता. लेकीवर तर मुळीच नाही. लेकीला सगळे भोंगा म्हणत, आणि शाळेत वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून हा भोंगा बंदच होत नव्हता.

"आई, ॲप फोटोवरून माप घेतं! समोरून एक, बाजूनं एक, की झालं!"

"मोबाइलला माप कळत नाही. श्वास सोडल्यावर कंबर किती होते, सांगेल तुझा मोबाइल?"

पण समोर रेडिमेडचं दुकान उघडल्यापासून निम्मी गिऱ्हाइकं तिकडे पळाली होती. आता रुग्णालयाच्या बारा सिस्टरांचे गणवेश शिवायचे होते. ही ऑर्डर हुकली तर शटर कायमचं खाली. आणि बाराही जणी एकदमच आल्या, दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन. एका टेपनं अर्ध्या तासात काय होणार? आईनं हात टेकले.

भोंग्याला आभाळ ठेंगणं झालं. पांढऱ्या भिंतीसमोर एकेकीला उभं करून तिनं धडाधड फोटो काढले.

"मावशी, हनुवटी वर! ताई, पोट आत नका घेऊ, ॲप फसतं!"

"माझं माप मोठ्यानं वाचू नकोस हं," धिप्पाड मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बाकीच्या बेशुद्ध पडतील."

सगळ्या गेल्यावर भोंग्यानं यादी उघडली. मापं तेरा होती.

तेराव्याला नाव नव्हतं. फोटोत नुसती भिंत आणि शेजारच्या ट्रायल रूमच्या पडद्याची कड. पण त्या रिकाम्या भिंतीवर ॲपनं आपल्या निळ्या रेघा इमानेइतबारे आखल्या होत्या. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत एक. खांद्यापासून मनगटापर्यंत दुसरी, एकतीस इंच.

"एकतीस! आई, ही सिस्टर आहे की वानर?"

तिनं ते माप पुसलं. ते परत आलं. पुन्हा पुसलं. आता मोबाइलवर अक्षरं उमटली: 'एक माप शिल्लक आहे. शिवायला घेतल्याशिवाय बाकीची दिसणार नाहीत.'

बाराजणींना पुन्हा बोलवायचं? मोठ्या सिस्टर सरळ समोरच्या दुकानात शिरतील! तिनं डोळे मिटून 'शिवायला घ्या' दाबलं आणि आईला सगळं सांगून टाकलं.

आई रागावली नाही. "माप घेतलंस ना? मग कपडा द्यायला हवा. माझ्या दुकानातून कुणी माप देऊन रिकाम्या हातानं गेलेलं नाही."

आठव्या दिवशी बारा गणवेश असे बसले, की मोठ्या सिस्टर आरशासमोरून हलेनात. पुढच्या वर्षीची ऑर्डरही त्यांनी तिथंच पक्की केली. आई एवढंच म्हणाली, "बरंय तुझं ते." भोंग्याला दुसरा कप मिळाल्यासारखं झालं.

तेरावा गणवेश ट्रायल रूममधल्या खुंटीला टांगलेला होता. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, तर खुंटी रिकामी.

"कोण घेऊन गेलं गं?"

"मला वाटलं, तू दिलास."

भोंगा गप्प झाला. त्या दुकानात आजवर घडलेली ही सगळ्यात अजब गोष्ट होती.

तेवढ्यात ट्रायल रूमचा पडदा कुणीतरी आतून नीट ओढून घेतला.

फोन टिंग वाजला. ॲपवर अभिप्राय आला होता.

'फिटिंग छान. बाह्या मात्र आखूड झाल्या. आतच थांबले आहे.'

चार तारे.

"आई, चल ना बाहेर," भोंगा कुजबुजला.

"चारच?" आईच्या आवाजात भीती नव्हती, अपमान होता. तिनं गळ्यातली टेप काढली. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

तिनं टेपचं एक टोक पडद्याआड सरकवलं. "खांद्याशी धरा. हात सरळ सोडा."

कुणीतरी टोक धरलं.

टेप आईच्या बोटांतून सरसर आत जाऊ लागली.

एकवीस. एकतीस. बेचाळीस.

साठ. टेप संपली. टोकाची पत्र्याची पट्टी आईच्या चिमटीत अडकली.

पलीकडून हलकेच ओढ बसली.

"तरी सांगत होते," आई पुटपुटली, "मोबाइलला माप कळत नाही. लिही भोंग्या, साठ. आणि दुसरी टेप आण."