यावोरच्या गाडीचं ऑइल सील

खोटं वाटेल, तर वाटू दे. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. ज्या बाईबरोबर हे घडलं, तिच्याच तोंडून ऐकलंय.

आणि रात्रीची वाट बघू नका. ही भर दुपारची गोष्ट आहे.

बल्गेरियातलं लोम गाव, डॅन्यूब नदीच्या काठी. गेल्या नोव्हेंबरातला मृतांचा शनिवार. त्या दिवशी आमच्याकडे घरटी कुणीतरी कबरस्तानात जातंच. नेवेना माझी सख्खी मावशी. तिच्या अंगणातल्या गॅरेजमध्ये हे घडलं.

मावशीचा एकुलता एक मुलगा यावोर फेब्रुवारीत गेला. अवघा सत्तावीस वर्षांचा. जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही.

मागे राहिली त्याची जुनी डिझेल गाडी. तिचं क्रँकचं मागचं ऑइल सील गळायचं. काळ्या तेलाचा एक थेंब... मग आणखी एक... खाली ठेवलेला पुठ्ठा सकाळपर्यंत भिजून जायचा.

सील म्हणजे इंजिनातलं तेल अडवणारं तळहाताएवढं रबरी कडं. पण तिथवर पोचायला अख्खा गियरबॉक्स उतरवावा लागतो. दोन माणसांचं काम. मावशीचे यजमान, मेतोदीकाका, ते एकटेच करायचे. सरकारी ट्रॅक्टर डेपोत जन्म गेलेला माणूस तो. सील बदलायचे, आठवडाभर गाडी कोरडी राहायची, आणि पुन्हा गळती सुरू. पुन्हा काका गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात.

काकांचा पुतण्या किर्चो ती गाडी घ्यायला टपलेला. गळती थांबली की नेतो म्हणायचा.

"काका, सील बदलून काय होतंय? आता मेकॅनिक बदला!" तो चिडवायचा.

काका हसायचेसुद्धा नाहीत. त्यांचं जेवण तुटलं होतं. शर्ट अंगावर लोंबत होता. मावशी मनाशी म्हणायची, पोरगा गेला, आता हाही डोळ्यांदेखत चाललाय. ती गाडी एकदा अंगणातून जाऊ दे, म्हणजे माझा माणूस घरात परत येईल. एवढंच तिला हवं होतं.

त्या शनिवारी ती म्हणाली, "आज तरी चल पोराकडे."

"तू जा. मला काम आहे."

ती एकटी गेली. थडग्यावर वाइन ओतली, साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू वाटले, उरलेली वाटी घेऊन परत आली.

गॅरेजमधून काकांचा आवाज येत होता.

"सतराचा पाना दे."

शांतता...

मग लोखंडावर लोखंड घासल्याचा बारीक आवाज.

"हा नाही रे गधड्या. लांब दांड्याचा."

पुन्हा खण्ण...

"हां. आता कसं!"

किर्चो आला असेल, असं मावशीला वाटलं. पण फाटकाबाहेर त्याची गाडी नव्हती. तिने आत डोकावलं.

काका खड्ड्यात. फक्त एक हात वर आलेला. रिकामा. वाटी खाली ठेवायला तिने मान वळवली...

परत बघते तो हातात पाना.

गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

ती जागची हलली नाही. काकांनी जुनं सील काढलं. नवं घेतलं. बोट तेलात बुडवलं आणि सीलच्या आतल्या कडेला चोपडलं. मावशीला यावोरची ओरड आठवली. या एका गोष्टीवरून बापलेकांचं कैकदा वाजलं होतं. 'बाबा, हे तुमच्या ट्रॅक्टरचं नाही! हे कोरडंच बसवायचं. तेल लावलंत की गळणार म्हणजे गळणारच!'

"मेतो," ती म्हणाली, "ते कोरडं बसवायचं असतं ना?"

काका दचकले नाहीत.

"ठाऊक आहे."

"मग?"

"नीट बसलं की परत उघडायला कारण उरत नाही, नेवेना." ते सील हातात फिरवत म्हणाले. "गियरबॉक्स उतरवताना तो येतो. मला एकट्याला झेपत नाही, माहितीये त्याला. एरवी इतक्या हाका मारल्या... कधी आला नाही."

मावशी भडकली.

"आत्म्याने इथे रेंगाळायचे चाळीस दिवस कधीच होऊन गेले! पाद्री सांगून थकले, वाट मोकळी करा म्हणून. आणि तू त्याला या तेलकट खड्ड्यात राबवतोस? सोड रे माझ्या लेकराला!"

काका बाहीत तोंड खुपसून रडले. तीही रडली. मग तिने कपाटातून दुसरं सील काढून त्यांच्या हातात दिलं.

"कोरडं बसव."

त्यांनी बसवलं. गियरबॉक्स चढवायची वेळ आली, तशी ती काळ्या कपड्यांतच खड्ड्यात उतरली.

"दुसरी बाजू मी धरते. आज त्याला बोलवू नकोस."

वजन तिच्या मनगटांवर आलं. गियरबॉक्स जॅकवरून कलला, आणि तिची बोटं मध्ये सापडली. ओरडायलाही वेळ नव्हता.

तेवढ्यात...

वजन गेलं.

कुणीतरी तिचं एकेक बोट अलगद बाजूला केलं. हात गार नव्हता. कोमट होता, खरखरीत, ओळखीचा. काकांचे दोन्ही हात समोर तिला दिसत होते.

गियरबॉक्स आपसूक जागेवर सरकला. काकांनी बोल्ट आवळले.

रविवारी काकांनी इंजिन चालू केलं. दिवसभर गाडी फिरवली. पुठ्ठा कोरा करकरीत.

"सुटलास रे बाळा," काका म्हणाले. आत आले आणि कितीतरी महिन्यांनी ताटलीभर सूप संपवलं. मावशीला हवं होतं ते मिळालं होतं.

सोमवारी सकाळी किर्चोने फाटकावर हॉर्न वाजवला. काका चावी घेऊन गॅरेजकडे गेले आणि दारातच थांबले.

मावशी गाडीपाशी गुडघ्यांवर बसली होती. हातात तेलाचा डबा. कोऱ्या पुठ्ठ्यावर एक थेंब... मग आणखी एक...

किर्चो आत आला. "काय हे काकू! अजून गळतेय?"

"गळतेय रे बाबा," मावशी मान वर न करता म्हणाली. "परत उघडावी लागेल."

काकांनी चावी खिशात टाकली.

किर्चोने पुढे दुसरी गाडी घेतली. परवा मी लोमला गेलो होतो. गॅरेजचं दार लोटलेलं. आतून मावशीचा आवाज येत होता, काकांचा येत होता. दोघं मध्येच थांबत होती... कुणाचं तरी बोलणं पुरं होऊ द्यावं, तशी. मग मावशी खळखळून हसली.

मी दार न वाजवता परत फिरलो. आत जायला हवं होतं का, मला अजून ठरवता येत नाही.