यंत्राची उजवी बाजू

ठक.

एवढाच आवाज. टाच जमिनीवर टेकावी तसा. नंतर काही नाही. माणूस चालू लागला की एका पावलामागे दुसरं येतंच, कोणी न सांगता येतं. हे पाऊल आलं आणि थांबलं, जसं काही पुढच्या पावलाची परवानगी काढायला गेलं.

या गोष्टीला दहाएक वर्षं झाली. उन्हाळ्यातली दुपार होती, अडीचचा सुमार. असलं काही रात्रीच घडतं असं लोक म्हणतात. मला त्यातलं कळत नाही. माझी शाळा चौथीत सुटली आणि पुढचं आयुष्य फरश्या बसवण्यात गेलं. पण आवाजाचं कळतं. फरशी बसवून झाली की थापीच्या दांड्यानं तिच्यावर ठोकून बघायचं. खाली माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो, पोकळी राहिली असेल तर डबडब असा येतो. चाळीस वर्षं हे केल्यावर कान डोळ्यांच्या आधी बघायला लागतात. घरात कोण कुठल्या फरशीवर उभं आहे, हे मी खाटेवर पडल्या पडल्या सांगायचो.

तेव्हा मी मुलाकडे राहत होतो. मुलगा कामासाठी परगावी, महिन्यातून दोन दिवस घरी. घरात मी, सून आणि साडेतीन वर्षांची नात. नातीला सगळे मुंगी म्हणायचे, कारण वाटेत जे दिसेल ते ती उचलून घरात आणायची. खडे, बाटल्यांची झाकणं, एकदा तर कोणाचं तरी मांजर.

सून बाहेरच्या खोलीत बालवर्ग चालवायची. आठ-नऊ पोरं, सकाळी दहा ते एक. एकदा म्हणाली, "बाबा, या खोलीला रंगीत चौकोनांची फरशी बसवून द्याल? एक चौकोन म्हणजे एक पाऊल."

"कशाला गं?"

"मुलांना यंत्र शिकवायचंय."

"आणि यंत्र कुठंय?"

"यंत्र लागतच नाही. तीच तर गंमत आहे."

तिचं म्हणणं असं, की हल्लीची पोरं बोलायच्या आधी पडद्यावर बोट फिरवायला लागतात. त्यांना यंत्राची भीती वाटू नये आणि भूलही पडू नये. यंत्राला मन नसतं, सांगितलं तेवढंच ते करतं, हे त्यांना हातापायांच्या खेळातून कळावं. तिनं पुठ्ठ्याचे बाण कापले. सरळ बाण म्हणजे एक पाऊल पुढे. वाकडे दोन, एक डावीकडे वळ आणि एक उजवीकडे वळ. लाल गोल म्हणजे थांब. एकानं यंत्र व्हायचं, बाकीच्यांनी बाणांची रांग मांडायची आणि टाळी वाजवायची. टाळी वाजली की यंत्रानं रांगेप्रमाणे चालायचं.

बहुतेक वेळा यंत्र मीच. पोरं लाल गोल मांडायला विसरायची, मग मी भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय आपटत राहायचो आणि ती हसून लोळायची. सून म्हणायची, "असलं यंत्र दुकानात मिळायचं नाही. उलटून बोलत नाही आणि चहावर चालतं."

पोरांची एक चूक मात्र रोज व्हायची. मी त्यांच्याकडे तोंड करून उभा असलो की ती आपल्या उजव्या हाताकडे बघून बाण मांडायची आणि मी भलतीकडेच जायचो. सून एकेकाला उचलून माझ्या पाठीमागे उभं करायची. "उजवी बाजू यंत्राची बघायची, आपली नाही. आधी त्याच्या मागे जा, मग सांग."

तर त्या दुपारी पोरं घरी गेली होती. सून मोरीत भांडी घासत होती. माझी खाट बाहेरच्याच खोलीत, खिडकीच्या भिंतीला. मी डोळे मिटून पडलो होतो. तेवढ्यात तो आवाज आला.

डोळे उघडले. मुंगी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसली होती. पुढे बाण. तिनं एक बाण आणि त्यापुढे लाल गोल ठेवला, टाळी वाजवली.

ठक.

रस्त्याच्या दारापासून दुसऱ्या चौकोनावर. तिथं कोणी नव्हतं.

"मुंगे, काय चाललंय?"

"यंत्र-यंत्र."

"यंत्र कोण झालंय?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला ना आबा. त्याला टाळी ऐकू यायला पाहिजे."

मला पहिला संशय आला तो माझ्याच कामाचा. उन्हानं फरशी फुगते, सुटते, वाजते. मी थापी घेतली आणि गुडघ्यांवर रांगत एकूण एक फरशी ठोकून पाहिली. सगळ्या भरीव. मग संशय सुनेचा. हिनंच काहीतरी यंत्र आणून लपवलं असेल. पण त्या फरशीखाली वाळू आणि माल सोडून काही नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? तरी विचारलं.

"बाबा, उकाडा किती आहे बघा," ती म्हणाली. "दुपारी जरा झोपत जा." आवाजात माया होती, पण नजर डॉक्टरची.

दुसऱ्या दुपारी दोन आवाज आले. तिसऱ्या दुपारी एक, आणि त्यापाठोपाठ टाच घासल्यासारखं काहीतरी. मी मोजत होतो. दारापासून आत, आत. सून आतबाहेर करायची, तेवढ्यात मुंगी बाण मांडणं सोडून हात मागे घ्यायची. शेवटी मी तिला जवळ घेतलं.

"हे तुझं यंत्र आलं कुठून?"

"दाराबाहेर उभं होतं. खूप दिवस. त्याला कोणी आत ये म्हणून सांगितलंच नव्हतं."

"मग?"

"मग मी सांगितलं."

"आणि आता कुठं आहे?"

तिनं बोट केलं. खोलीच्या बरोबर मध्ये, निळ्या चौकोनाकडे. माझ्या खाटेपासून पाच हातांवर. "थांब ठेवलाय. थांबलंय."

"दिसतं कसं गं ते?"

तिनं विचार केला. "ते दिसत नाही, आबा. ते ऐकतं."

मी कोणाशी काही बोललो नाही. चौथ्या दुपारी मुंगी आतल्या खोलीत झोपली, सून गच्चीवर कपडे काढायला गेली. मी बाण घेतले. खिडकीकडे पाठ करून उभा राहिलो. माझ्या उजव्या हाताला रस्त्याचं दार, उघडंच ठेवलेलं. डाव्या हाताला आतली खोली. मी रांग मांडली. उजवीकडे वळ. मग सरळ बाण, पाच. लाल गोल ठेवला नाही. ते थांबायला मला नकोच होतं. जाऊ दे म्हटलं, जिथवर रस्ता आहे तिथवर.

टाळी वाजवली.

आधी टाच घासल्यासारखा आवाज आला. वळत होतं. मग ठक. तो माझ्या डावीकडून आला. मला वाटलं, कान चुकले. दुसरा ठक आणखी डावीकडे.

तेव्हा कालचं ते टाच घासणं उलगडलं. ते माझ्याकडे तोंड करून उभं होतं. त्याची उजवी बाजू म्हणजे माझी डावी. म्हणजे काल दुपारपासून, रात्रभर, मी खाटेवर झोपलेलो असताना... ते माझ्याकडेच तोंड करून उभं होतं.

"थांब," मी म्हणालो. "अरे थांब... थांब बाबा..." रांगेत लाल गोल नव्हता. पाचवा ठक उंबऱ्याशी वाजला. पलीकडे सतरंजी होती. सतरंजीवर काही वाजत नाही.

मी आत धावलो. मुंगी उठून बसली होती. डोळे उघडे, समोर भिंतीकडे.

"मुंगे?"

काही नाही.

"ये इकडे."

ती उठली. एक पाऊल पुढे आली आणि थांबली.

त्या संध्याकाळी सुनेनं तिला सांगितलं, "दूध पी." तिनं प्यायलं. पेला रिकामा झाला तरी तोंडाला लावून तशीच उभी राहिली, मान वर करून. "अगं, झालं ना, ठेव आता," म्हटल्यावर ठेवला. सून हसली. "आज स्वारी फारच शहाणी झाली." मी हसलो नाही. सकाळी पोरं आली, खेळली, गेली. मुंगी भिंतीशी उभी, कारण तिथं उभी राहा असं कोणीतरी म्हणालं होतं. दुपारी सुनेनं तिला हात धुवायला पाठवलं आणि फोनवर बोलत बसली. मला नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. जाऊन बघतो तर बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, आणि ती हातावर हात चोळतेच आहे, चोळतेच आहे. डोळ्यांत पाणी नाही. कंटाळा नाही. काहीच नाही.

सुनेनं ते हात पाहिले आणि माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही हिला कसला धाक घातलाय?"

मी सगळं सांगितलं. मला बोलायला वेळ लागतो. तिनं मध्ये तोंड घातलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "उद्या मी हिला माझ्या आईकडे नेऊन सोडते. काही दिवस तिथंच राहू दे."

"तिथं त्यांना कळायचं नाही गं. कोणी चुकून काही सांगितलं आणि थांब म्हणायला विसरलं तर..."

"इथं कळतं ते दिसतंच आहे," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "मी गाडीची चौकशी करून येते. एवढ्या उन्हात हिला कुठं नेऊ? झोपवलंय तिला. तासाभरात येते. तोवर तिच्याशी एक शब्द बोलू नका, बाबा. माझी शपथ आहे."

ती गेली. माझ्या हातात एक तास होता.

मी शब्द पाळला. एक शब्द बोललो नाही. मुंगीला दंडाला धरून उठवलं, बाहेर आणलं आणि निळ्या चौकोनावर उभं केलं. या वेळी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिची मान, मानेवरचा घाम, कानामागचा तीळ, सगळं नीट बघून घेतलं. तिची उजवी बाजू कोणती ते स्वतःच्या हातावर हात ठेवून दोनदा पडताळलं. मग रांग मांडली. लाल गोल खिशात ठेवला.

टाळी वाजवली.

ती वळली, दाराकडे. पहिलं पाऊल टाकलं. तिचे पाय उघडे, त्यांचा आवाज तो किती. पण त्या मऊ पावलाखाली, त्याच क्षणी, त्याच चौकोनावर, ठक. एका पावलाचे दोन आवाज. मी मागोमाग चाललो, श्वास धरून. पाच चौकोन. दार. दोन पायऱ्या. अंगण. बाण केव्हाच संपले होते, पण थांब कोणी म्हटलं नव्हतं.

फाटकापाशी मी पुढे झालो, तिच्या समोर गुडघे टेकले आणि लाल गोल तिच्या डोळ्यांपुढे धरला.

ती थांबली.

ठक मात्र माझ्या खांद्याजवळून पुढे गेला. मग रस्त्यावर, दगडी फरसबंदीवर. ठक... ठक... हळूहळू लांब. मी मान वळवली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. एक जण थांबला होता आणि एक जण चालत होता, एवढं मला कळत होतं.

मग तिचा ओठ वाकडा झाला. "आबा," ती म्हणाली, "पाय भाजतायत."

मी तिला उचललं आणि तिथंच, भर उन्हात, रडलो. ती पण रडली. नाक माझ्या सदऱ्याला पुसलं. वजन तेवढंच, वास तोच, घामाचा आणि साबणाचा. कानामागचा तीळही बघितला. होता.

मग रस्त्याकडे पाहिलं. टोकाकडून सून येत होती, डोक्यावर ओढणी, हातात पिशवी. रस्ता रिकामा. दुपारची वेळ, कुत्रंसुद्धा नव्हतं. अर्ध्या वाटेवर ती बाजूला झाली. समोरून कोणी थोराड माणूस आला की आपण खांदा वळवून वाट देतो, तशी. मान किंचित वर करून तिनं पाहिलं. वाट दिली. दोन पावलं चालली.

आणि पुन्हा थांबली. या वेळी तिनं खाली पाहिलं. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि उजवा हात खाली नेला, कमरेच्या जरा खाली. एवढ्याशा पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. हात तिथं क्षणभर राहिला. मग खालचं डोकं पुढे निघून गेल्यासारखा मोकळा झाला. ती वळली आणि मागच्या रिकाम्या रस्त्याकडे कितीतरी वेळ बघत उभी राहिली.

फाटकाशी आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कोणाला वाट दिलीस गं?" मी विचारलं. "...आणि हात कोणाच्या डोक्यावर ठेवलास?"

माझ्या कडेवरच्या मुलीनं दोन्ही हात पुढे केले. "आई."

सुनेनं तिच्याकडे पाहिलं. केसांकडे, डोळ्यांकडे, सुरकुतलेल्या बोटांकडे. पुढे आलेल्या हातांना तिनं हात लावला नाही. एकदा रस्त्याकडे नजर टाकली, फाटक ढकललं आणि आम्हाला ओलांडून आत निघून गेली.