मथुराबाईंचा आकडा

२०७४ साल होतं. खाडीवर अजून पूल झाला नव्हता, आणि माणसाची अक्कल टोपी घालून मोजायचे ते दिवस होते. मेंदू कामाला लागला की साखर जाळतो. किती जळली ते टोपीतलं यंत्र मोजी आणि त्या आकड्याला ‘प्रज्ञातेज’ म्हणत. जास्त जळली तो हुशार. पुरुष साठाच्या घरात, बायका तिसाच्या घरात. पंचेचाळीसच्या खाली बोट चालवायचा परवाना मिळत नसे.

परवान्याच्या चाचणीत मथुराबाई डोर्लेकरांनी पडद्यावरच्या खाडीतून, ऐन ओहोटीत, दोन मिनिटांत बोट आत आणली. आकडा आला एकतीस. आधीचा तरणा गडी दोनदा वाळूत रुतला होता. त्याला बासष्ट, आणि परवानाही.

“शास्त्र आहे, मथुराबाई,” परीक्षक डॉ. लिमये म्हणाले.

“असं? मग घाला बघू टोपी.” त्यांनी पिशवीतून फाटकं जाळं आणि सुई काढली. “एवढं भोक विणा.”

डॉक्टर घामाघूम झाले. एकाहत्तर! विणलेल्या जागेतून मथुराबाईंचा हात कोपरापर्यंत आरपार गेला. मग टोपी घालून त्यांनी गप्पा मारता मारता तेच भोक बुजवलं. बारा.

“बघा, जाळं विणण्यात तुम्ही माझ्या सहापट हुशार!”

लेक कुंदा फिसकन हसली. डॉक्टर हसले नाहीत.

“हात बसला की मेंदूला साखर कमी जाळावी लागते,” ते पुटपुटले. “पण सगळ्याच बायका कमी कशा?”

“परवान्याला बाई येते कधी? नवरा अंथरुणाला खिळला की. तोवर वीस वर्षं त्याच्या नावावर तीच बोट आणत असते. पुरुष येतो मिसरूड फुटल्याबरोबर.”

“म्हणजे ही टोपी आल्यापासून बावीस वर्षं आम्ही बंदरं, धरणं, विमानं... चाचपडणाऱ्यांच्या हाती दिली.” डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “परवाना समितीला हे पटेपर्यंत एक करा. चाचणीत मनातल्या मनात उलटे पाढे म्हणा. आकडा चढेल.”

“येतंय ते येत नसल्याचं सोंग करू? छत्तीस वर्षं ही खाडी ओलांडतेय मी. लिहा एकतीस. ठळक लिहा.”

डॉक्टरांनी अहवाल दिला. समितीने त्यांना दप्तरखान्यात बसवलं. मथुराबाईंनी पुढे तेरा वर्षं विनापरवाना बोट आणली. गस्तवाल्यांनी अडवलं की त्या नाव सांगत, आकडाही सांगत. परवानेवाले निमूट त्यांच्या मागून खाडीत शिरत.

कुंदाने मात्र पाढे पाठ केले आणि सहासष्ट मिळवले. चाचणी दरवर्षी असे, म्हणून बोट आणतानाही ती त्या पाढ्यांचा सराव करी. आता शांत भरतीतसुद्धा खाडीच्या तोंडाशी तिचा हात अडखळतो. सोंग म्हणून की खरोखर, ते तिचं तिलाही सांगता येत नाही.