जुळलेली तोंडं

तुटलेल्या यंत्राचे तुकडे माझ्या टेबलावर आले की मी आधी त्यांना एकमेकांपासून लांब ठेवते. तुटीची तोंडं जुळवून बघायची नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तुटीवर बारीक खुणा असतात. तोंडाला तोंड घासलं की त्या पुसल्या जातात, आणि मग यंत्र का तुटलं हे सांगायला कोणी उरत नाही. पण माणसाचे हात शिवशिवतातच. साधा कप फुटला तरी आपण आधी तुकडे जोडून बघतो. माझ्या खोलीत येणारा प्रत्येक साहेब तेच करायला जातो आणि माझं बोलणं खातो. कचेरीत मला पाठीमागे सासूबाई म्हणतात, ते काही उगाच नाही.

त्या दिवसांत माझ्यासमोर एका कॉम्प्रेसरचा दांडा होता. माझा धाकटा भाऊ एका गॅस स्टेशनवर शिफ्ट सांभाळतो, तिथला. विहिरींतून आलेला गॅस दाबून पुढच्या पाइपात ढकलणारी तीन अजस्र यंत्रं तिथल्या शेडमध्ये ओळीनं उभी आहेत. त्यातल्या पहिल्या यंत्राचा दांडा चालता चालता तुटला, लोखंडी कवच फोडून बाहेर आला आणि समोर उभ्या असलेल्या मिस्त्रीच्या छातीतून आरपार गेला. मिस्त्रीनंच माझ्या भावाला हाताला धरून काम शिकवलं होतं. भावानं त्याला भिंतीपासून सोडवलं, मग पाइप लावून शेड धुतली. फोनवर मला एवढंच म्हणाला, "ताई, बुटातपण गेलंय गं."

प्रकरण सरळ होतं. दांड्याच्या मध्यावर कधीतरी हातोडीचा ठोका बसला होता, तिथून चीर सुरू झाली होती. चीर एकदम धावत नाही. यंत्र चाललं की थोडी सरकते, थांबलं की थांबते, आणि दर थांब्याची एक रेघ तुटीवर राहते, ओहोटीला वाळूवर राहते तशी. या रेघा कित्येक महिन्यांच्या होत्या. मी उरलेल्या दोन यंत्रांना नवे दांडे बसवायला लावले. बसवण्याआधी प्रत्येक दांडा स्वतः तपासला. केसाएवढीही चीर नव्हती.

दुसरं यंत्र सकाळी सुरू केलं आणि दुपारी तुटलं. या खेपेला समोर तेल घालणारा होता. दांड्यानं त्याचा जबडा आणि एक खांदा नेला. तो लगेच मेला नाही. माझा भाऊ त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला होता आणि तो काहीतरी सांगायची धडपड करत होता. सांगायला तोंडच उरलं नव्हतं.

ते तुकडे आले आणि मी भिंग लावलं. तुटीवर रेघाच रेघा. अर्धा दिवस चाललेल्या दांड्यावर महिन्यांच्या रेघा.

मी चिडले. कोणीतरी तुकड्यांची अदलाबदल केली असणार, असंच वाटलं. शिक्क्यांचे आकडे ताडून पाहिले, पोलादाची तपासणी केली. दोन वेगळे कारखाने, दोन वेगळी पोलादं. मग दोन्ही तुटींचे फोटो काढून एकावर एक ठेवले. तीच तिरकी पायरी, तोच वाकडा काठ, त्याच रेघा. दोन तुटी कधीच सारख्या नसतात. इतक्या वर्षांत मी एकही जोडी पाहिली नव्हती.

तिसरं यंत्र त्याच दिवशी सुरू होणार होतं. मी स्टेशनच्या साहेबांना फोन केला.

"सुरू करू नका."

"कारण सांगा ना, बाई. अर्धं शहर गॅसवाचून बसलंय."

"दोन्ही तुटी एकसारख्या आहेत."

"एकाच जातीची यंत्रं, मग तुटणार पण तशीच. ठोस काही मिळालं तर कळवा."

भावाला फोन लावला. तो हसला.

"ताई, तू एक कारण दे, कसलंही दे. मी आडवा पडतो यंत्रासमोर. पण नुसतं नको म्हटलं तर साहेब दुसऱ्याला उभा करतील. सगळी पोराबाळांची माणसं आहेत."

"आणि तू रे?"

"माझं कोण रडणार आहे? तू एक आहेस, ती लोखंडाशी लग्न लावून बसलेली."

मी फोन आपटला. मला हा एकच भाऊ आहे. आईबाप गेल्यावर त्याला मी वाढवलं, त्या स्टेशनवर चिकटवलंही मीच.

फोटो बघून साहेब बधणार नव्हते. पण पहिल्या दांड्याच्या खालच्या तुकड्यावर दुसऱ्याचा वरचा तुकडा चपखल बसला असता, तर आंधळ्यालाही पटलं असतं. मी चेनपुलीनं वरचा तुकडा उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला तोंड लावलं.

हलकासा टक् आवाज आला.

सांधा दिसेना. नखानं चाचपला, तरी लागेना. पुली वर ओढली तर पूर्ण दांडा उचलला गेला, अखंड. पोलाद कोमट होतं.

फोन वाजला. भाऊ होता. मागे यंत्राचा ठोका ऐकू येत होता.

"सुरू केलंस?" मी ओरडले.

"नाही गं. अजून करंटच दिलेला नाही. गॅसचा व्हॉल्व्हपण बंद आहे. आपसूक फिरायला लागलंय."

"पळ तिथून!"

"बाकीचे पळाले. माझा पायच उचलत नाहीये."

मी फोन टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यातला घण घेतला. जे जुळवलं ते तोडायला हवं होतं. तेवढंच सुचलं.

पहिला घाव बसला. फोनमधून भाऊ विव्हळला.

मला वाटलं, घाबरलाय.

दुसरा घाव घातला. तो किंचाळला, लहानपणी किंचाळायचा तसा.

घण वर गेलेला होता. थांबवता आला नाही.

दांडा मोडला. तुकडा फरशीवर आदळला. फोनमध्ये काहीतरी ओलसर, जाड असं मोडल्याचा आवाज आला आणि यंत्राचा ठोका बंद पडला.

मी पोचले तेव्हा शेडमध्ये सगळं जागच्या जागी होतं. कवचाला भोक नाही, दांडा धड, भिंती स्वच्छ. भावाच्या अंगावर कशाचाही मार नव्हता. फक्त त्याची उजवी मांडी मधोमध मोडून उलटी दुमडली होती, आणि हाड विजार फाडून बाहेर आलं होतं.

पाय वाचला नाही. शस्त्रक्रिया झाल्यावर मी सर्जनना हाड दाखवायला सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाखवलं. मी खिशातलं भिंग काढलं. तुटीवर रेघा होत्या, महिन्यांच्या.

भाऊ जगला. तेवढ्यासाठी मी त्या सर्जनच्या पाया पडले असते. त्यांनी डाव्या पायाचा एक्स-रे खिडकीपाशी उजेडात धरला.

"हा पाय धडधाकट आहे," ते म्हणाले.

मांडीच्या हाडावर मध्यावर, एका कडेला, केसाएवढी रेघ होती. मी बोट ठेवलं. त्यांनी फिल्म तिरकी केली, डोळे बारीक केले.

"इथं? इथं तर काहीच नाही, बाई."

मला ती दिसत होती.

पलंगावर भावाला शुद्ध आली होती. तो माझा हात चाचपडत होता. सर्जन त्याच्याकडे वळले आणि मायेनं म्हणाले, "उद्यापासून तुला उभं करायचं. आता सगळा भार याच पायावर टाकायचा. जितकं चालशील तितकं बरं."